धाबं सगळ्यांच्या डोक्यावर, मग खर्च एकट्या वरच्याचा का?

जळगाव-धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत वाड्यांचे हिस्से पडले, हिस्स्यांचे फ्लॅट झाले, काही विकले गेले. छत पेलणारी लाकडी तुळई मात्र एकच राहिली. ती वाकली की खालचा मालक म्हणतो, "छत तुमनं, खर्च बी तुमनाच." मला हे साफ नामंजूर आहे. फूटभर मातीचं धाबं, म्हणजे वाड्याचं सपाट मातीचं छत, चौरस मीटरला जवळपास ५०० किलो भरतं, भिजलं की जास्तच. हा भार तुळईवरून खांबात आणि खांबातून खालच्याच्याच घरातल्या दगडावर उतरतो. पाया, भार घेणाऱ्या भिंती, खांब, तुळया, धाबं, जिना सगळ्यांचे. फरशी, आतला गिलावा, रंग ज्याचा त्याचा.

पण आधी कारण शोधा. वरच्या मोरीचं पाणी झिरपून तुळई कुजली असेल तर भरपाई वरच्याने द्यावी. दुकानाच्या शटरसाठी खालच्याने भिंत पाडली असेल तर गर्डरचे पैसे त्याचे.

तुळई मधोमध ठणठणीत दिसते, उधई लागते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथला गिलावा वीतभर काढून स्क्रूड्रायव्हर टोचा. लोण्यासारखा आत गेला तर थांबू नका, त्याच दिवशी टेकू लावा. भिंतीच्या भेगेचं तसं नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख लिहा आणि पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलतेय, तेव्हा सिमेंट भरणं म्हणजे पैसे मातीत.

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र, म्हणजे कुणाचा किती टक्के हिस्सा ते लिहिलेला इमारतीचा दस्त, झालं असेल तर त्यातल्या टक्क्यांप्रमाणेच वाटणी होते, आणि "मी गच्ची वापरत नाही" म्हणून वाटा सुटत नाही. घोषणापत्र नसेल तर क्षेत्रफळावर वाटा. समान वाटणीत लहान घरवाला भरडला जातो. ९००, ७००, ७०० आणि ५०० चौरस फुटांचे चार फ्लॅट, खर्च साडेतीन लाख, म्हणजे फुटाला १२५ रुपये. मोठ्याचे १,१२,५००, मधल्या दोघांचे प्रत्येकी ८७,५००, लहानाचे ६२,५००.

लाकूडकाम उघडल्यावर वाढतंच, १५ टक्के वेगळे ठेवा. मिस्त्रीला पैसे टप्प्याने द्या, टेकू लागले की, तुळई बसली की, धाबं झालं की. टेकूचा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो आणि भांडण तिथेच पेटतं. हे टेकू उभे राहतात खालच्याच्या घरात. तेवढे दिवस त्याला दुसरीकडे राहावं लागलं तर ते भाडंही सगळ्यांच्या खर्चात धरा, आणि काम सुरू होण्याआधी सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा.