सोळा पानांची पंगत

आमच्या टीव्हीखालच्या खणात ११ पेनड्राइव्ह आहेत आणि ऐन वेळी एकही कामाचा निघत नाही. एकाचं टोपण गेलंय. एक झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आल्यापासून प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट करून ठेवतो. एकावर बायकोने नेलपॉलिशने ‘ॐ’ काढलाय. त्यात सत्यनारायणाची पोथी आहे, तेव्हा त्याला हात लावायचा नाही.

पुतणीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ ६ जीबीचा निघाला आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. ३२ जीबीचा ड्राइव्ह, आत काहीही नाही, तरी कॉम्प्युटर म्हणतो फाइल फार मोठी आहे. भाच्याने निदान केलं, “मामा, हा फॅट३२ आहे, म्हणजे फाइली मांडायची जुनी पद्धत. ४ जीबीच्या वरची एक फाइल घेत नाही. सगळं पुसून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा.” म्हणजे बरणी रिकामी, पण तोंडातून हात जात नाही.

भाच्याचं ऐकलं असतं तर फुकटात भागलं असतं. पण त्याच संध्याकाळी फुटपाथवर १ टीबीचा पेनड्राइव्ह ४५० रुपयांत दिसला. १ टीबी! मी आयुष्यभराचे फोटो त्यात ओतले. कॉम्प्युटरने विनातक्रार घेतले, नावंही दाखवली. उघडायला गेलो तर काहींत वरच्या पट्टीत आईचा पदर, खाली सगळं राखाडी. बाकीचे उघडलेच नाहीत. भाच्याने तपासून सांगितलं, आत चिप १६ जीबीची आहे. आतला कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतो. थोडक्यात, पानं १६ आणि आमंत्रणं १०००. सतरावा पाहुणा पहिल्याच्या मांडीवर.

मग शहाण्यासारखा दुकानात गेलो. “यूएसबी ३.० चा वेगवान पेनड्राइव्ह द्या,” म्हटलं. दुकानदार म्हणाला, “आता ३.२ जेन १ येतो.” खूश झालो. घरी आल्यावर कळलं, दोन्ही एकच. माहेरचं नाव ३.०, मग ३.१ जेन १, आता ३.२ जेन १; वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. तोही रस्त्याचा, गाडीचा नव्हे. पाकिटावर ‘अप टू’ लिहून वाचण्याचा वेग छापलेला असतो. लिहिण्याचा वेग कॉपी करताना आपला आपण कळतो. माझा चहा झाला, दुसरा झाला, हिरवी पट्टी ६० टक्क्यांवर. शिवाय ६४ जीबीचा ड्राइव्ह ५९ च दाखवत होता. हे मात्र फसवणुकीत मोडत नाही म्हणे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

एकच प्रत ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे आता अंगवळणी पडलं होतं. म्हणून तसाच दुसरा ड्राइव्ह घेतला, व्हिडिओ भरला आणि नाशिकला दादाकडे पाठवला. आठवड्याने फोन केला.

“बघितला रे, मस्त झालाय,” दादा म्हणाला. “मग गाडीसाठी गाणी भरली त्यात. फॉरमॅटच मारावा लागला, आमच्या गाडीला फॅट३२ च लागतो. तुझ्याकडे आहेच की!”