बाटलीत मावणारी ही वाफ नव्हे

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं, की कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्हा इलेक्ट्रिक पॅनेलवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज येतोच : 'वाफेतून चढणारं पॅरिलीन कोटिंग आता स्प्रेच्या बाटलीत. घरीच मारा, प्रत्येक फटीत शिरतं, कायम टिकतं. पंपाचा स्टार्टर बुडाला तरी चालू.'

आधी ती बाटली बघू. पॅरिलीन म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डांना ओल लागू नये म्हणून चढवायचा प्लास्टिकचा पातळ थर. त्याचा कच्चा माल म्हणजे पांढरी पूड. हवा उपसलेल्या यंत्रात १५० अंशांच्या आसपास तिची वाफ होते. पुढच्या भट्टीत साधारण ६५० ते ७०० अंशांना त्या वाफेचे रेणू मधोमध तुटतात. ते तुकडे साध्या तापमानाच्या वस्तूवर टेकले, की तिथल्या तिथे एकमेकांचे हात धरून साखळी वाढवतात. द्रव अवस्था मधे येतच नाही, मग फवारणार काय? हे तुकडे इतके उतावीळ, की बाटलीत कोंडले तर आतच प्लास्टिक होऊन बसतील. स्प्रेमध्ये बहुधा ॲक्रिलिक नाहीतर सिलिकोन असतं. ते काही वाईट नाही, बोर्डावर मीही मारतो. फक्त नाव उसनं घेतलंय.

'प्रत्येक फटीत शिरतं' हे खऱ्या पॅरिलीनबाबत खरं आहे, आणि घोळ तिथंच आहे. ते पक्कं विद्युतरोधक. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, पॉइंटांवर बसलं तर करंट जाणार कुठून? म्हणून यंत्रात घालण्याआधी कनेक्टर झाकून घेतात, त्यात निम्मा जीव जातो. मागल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकानं असाच स्प्रे मारलेला स्टार्टर आणला होता. टर्मिनलचे स्क्रू नुसते चकाकत होते, आणि पॉइंटांवर चिकट काळा थर. पॉलिश पेपरनं घासण्यात माझी दुपार गेली.

'कायम' म्हणाल तर नेहमीचं पॅरिलीन उघड्या उन्हात पिवळं पडतं, ठिसूळ होतं. नदीकाठच्या खांबावर सावली कुठली?

राहिला पूर. बोर्डावर काही मायक्रॉनचा थर असेलही, पण वायरी जोडायच्या तर टर्मिनल उघडी ठेवावीच लागतात. गढूळ पाणी तिथं पोचलं की एका फेजचा दुसऱ्या फेजशी शॉर्ट. वर शेतकरी त्याच पाण्यात उभा असला तर? पाणी चढायच्या आत सप्लाय तोडून स्टार्टर सोडवा आणि माळ्यावर टाका. चार बोल्टांचं काम आहे. भिजलाच तर वाळवून, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितल्याशिवाय बटण दाबू नका.