नमुन्यादाखल मुलगी

ऑनलाइन कुणाकडून तरी काम करून घ्यायचंय? लोगो, पत्रिका, वेबसाइट, जीएसटीचं रिटर्न, काहीही? मग चार गोष्टी सांगते, त्या ऐका. गेल्याच महिन्यात फी भरून शिकलेय. फी साडेतीनशे रुपये आणि एक सिमकार्ड.

सगळ्यात आधी मोबाइल नंबर द्यावा. कामाचं, पैशांचं बोलणं मागाहून होतच असतं. 'डिझायनर पाहिजे' अशी पोस्ट टाकतानाच खाली नंबर लिहून मोकळं व्हावं, म्हणजे ग्रुपातल्या कुणाचीच गैरसोय होत नाही. अपवर्क, फायव्हरसारख्या, काम देणारे-घेणारे गाठ घालून देणाऱ्या साइटवर मात्र हे चालू देत नाहीत. काम पक्कं होण्याआधी फोन-ईमेल द्यायचा नाही, बोलायचं ते तिथल्याच चॅटमध्ये, असा त्यांचा नियम. (कमिशन बुडू नये म्हणून हो, आपल्या काळजीने नव्हे. पण आपलाही फायदा होतोच.) त्यावर आपल्या लोकांकडे तोड आहे: नंबर अक्षरांत लिहायचा, नाइन एट टू झीरो, आणि मध्ये एक फूल टाकायचं. मशीन फसतं. शेअर बाजाराच्या टिपा देणारे फसत नाहीत.

लोगोसाठी आधार कार्ड मागितलं तर 'कशाला?' असं विचारू नये, समोरच्याला वाईट वाटतं. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं म्हणे. पण ते डाउनलोड करण्यात दोन मिनिटं जातात.

पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि काम झाल्यावर बदलू नये.

ड्राइव्हची लिंक जगाला खुली ठेवावी. कायमची.

आता मुख्य गोष्ट. लग्नाचा बायोडेटा करायला द्याल, तेव्हा सगळं खरं आणि सगळं पूर्ण द्यावं. मी दिलं. भाचीसाठी बघायला लागलेत, ताई साताऱ्यात, आणि मी पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते म्हणजे हे काम माझंच. एक मुलगा ऑनलाइन सापडला. पाचशे म्हणाला, घासाघीस करून साडेतीनशेवर आणला. काम झकास केलंन, खोटं कशाला बोलू! वर गणपती, सोनेरी वेलबुट्टी, आणि मी 'उंची'तला उकार चुकवला होता तोही दुरुस्त केलेला. 'छान झालाय, धन्यवाद' असा मेसेजही केला मी.

अकराव्या दिवशी रात्री पावणेअकराला ताईचा फोन. दाजींना कुणीतरी विचारतंय, मुलगी पाच फूट तीन इंच आहे ती चपलेसकट की बिनचपलेची. आम्ही खूश. स्थळ आलं! दुसऱ्या दिवशी एका गुरुजींनी फोन करून नाडीदोष काढला, शांतीचा खर्चही सांगितला. मग मंगल कार्यालय. मग केटरर. मग 'लग्नासाठी लोन हवंय का?' आणि चौथ्या रात्री साडेबाराला भाचीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल. तो कसला होता ते इथे लिहीत नाही.

शोधाशोध केल्यावर कळलं. त्या मुलाने आपल्या पेजवर 'रॉयल मराठी बायोडेटा, फक्त ३५०' म्हणून आमचीच मुलगी नमुन्यादाखल लावली होती. फोटो, सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, कंपनी, पगार, दाजींचा नंबर, भाचीचा नंबर. शेजारी माझ्या 'छान झालाय'चा स्क्रीनशॉट, वर माझं नाव. खाली कॉमेंट: 'नोकरी सोडायला तयार आहे का?' कांदेपोहे न करता मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, तोही अख्ख्या महाराष्ट्राला.

आणि आपला बायोडेटा म्हणजे काय साधा कागद असतो? त्यावर जन्मतारीख असते, जन्मवेळ असते. डाउनलोड केलेल्या आधारच्या फाइलचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. दोन्ही त्या कागदावर, सोनेरी वेलबुट्टीत. बँकवाले फोनवर ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारायचे. आपण ते 'मामाकुळ' म्हणून ठळक अक्षरांत छापतो. चोराला पत्ता, किल्ली आणि घरात कोण कोण असतं ते, सगळं एका पानात. वर गणपती.

मी त्याला फोन केला. म्हणाला, "मॅडम, बायोडेटा वाटायलाच असतो ना?"

पुन्हा वाचा. वाटायलाच असतो.

अरे बाबा, कुणी कुणाला वाटायचा? ताई तिच्या नणंदेला देईल, नणंद तिच्या ओळखीच्या घरात देईल. तू कोण? साडेतीनशे मी कामाचे दिले, मुलीचे नाही. बरं, ओरडल्यावर त्याने काय केलं, तर नंबरांवर काळी पट्टी लावून पीडीएफ पुन्हा चढवली. मी पट्टीवरून माउस फिरवला, कॉपी केलं, नोटपॅडमध्ये टाकलं. दहाच्या दहा आकडे बाहेर! पट्टी नुसती वर ठेवलेली, खालचा मजकूर जागच्या जागी. हा म्हणे डिझायनर.

कायदा आहे, हो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलं. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला पुढे दीड वर्षाची मुदत. दंड २५० कोटींपर्यंत. तो कागदावर. या मुलाकडे मी साडेतीनशे परत मागितले तर ब्लॉक केलं त्याने मला.

फार झाला उपरोध. सरळ सांगते. नमुना लावायचा असेल तर नावाच्या जागी अबक लिहा, नंबरच्या जागी दहा शून्यं टाका, फोटोच्या जागी फूल लावा. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करणारा माणूस आळशी नाही, त्याला दुसऱ्याच्या मुलीची किंमत नाही. आणि काम देणारे आपण? दीडशे रुपये पाडायला मी वीस मेसेज केले. 'हे कुठेही दाखवायचं नाही, काम झालं की फाइल उडवायची' ही एक ओळ लिहायला मला सुचलं नाही. नंबर माझा नव्हता, भाचीचा होता. तिला न विचारता मी तो एका अनोळखी माणसाच्या हातात दिला, आणि वर धन्यवाद म्हणाले.

भाचीने सिम बदललं. बँक, ऑफिस, गॅस, सगळीकडे नवा नंबर कळवण्यात तिच्या दोन सुट्ट्या गेल्या. आता बायोडेटाही नवा करावा लागणार. ताई काल विचारत होती, "त्याच मुलाकडे फाइल तयार असेल ना गं?"