अनामित यांना उत्तर: सेशन, रीस्टार्ट आणि ‘आधी मॅन्युअल वाचा’

अनामित महोदय (की महोदया, ते आपण कळू दिलेलं नाही),

टॉमकॅट (जावातली वेब अ‍ॅप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) सेशन, म्हणजे साइट वापरणाऱ्याबद्दल राखलेली तात्पुरती माहिती, कुठे ठेवतो, या माझ्या लेखावर आपण एवढी लांबलचक प्रतिक्रिया दिलीत त्याबद्दल आभार. तिची सुरुवात ‘लिहिण्याआधी मॅन्युअल तरी वाचत जा’ अशी नसती, तर हे आभार जरा जास्त मनापासून मानता आले असते. चूक दाखवायला माझी ना नाही, पण दाखवायची एक रीत असते. हा ब्लॉग मी नोकरी सांभाळून लिहितो. इथे जाहिराती नाहीत, मला कुणाला कोर्स विकायचा नाही. तेव्हा ‘अर्धवट माहिती पसरवणारे तुमच्यासारखे लोक’ हे शब्द मागे घेतलेत तर बरं होईल.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. वापर थांबल्यावर सेशन किती वेळ ठेवायचं ते ठरवणाऱ्या ‘सेट-मॅक्स-इनॅक्टिव्ह-इंटरव्हल’ या मेथडला मी ३० हा आकडा दिला आणि शेजारी ‘अर्धा तास’ लिहिलं. वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमधला सेशन-टाइमआउट मिनिटांत असतो, ही मेथड मात्र सेकंद घेते. तिथे १८०० हवं. दुरुस्त केलं आहे. एवढ्यावरून अख्खा लेख ‘कचरा’ कसा ठरतो, हे मला समजलेलं नाही.

आता ज्या वाक्यावर तुम्ही तुटून पडलात ते. मी लिहिलं होतं, ‘सेशन सर्व्हरच्या मेमरीत असतं, टॉमकॅट रीस्टार्ट झाला की लोक लॉगआउट होतात.’ तुम्ही म्हणता हे साफ खोटं, कारण टॉमकॅट बंद होताना सेशन्स डिस्कवर लिहून ठेवतो आणि उठल्यावर परत उचलतो.

अहो, ती फाइल मला माहीत आहे. वर्क फोल्डरमध्ये जा, मग कॅटलिना, मग लोकलहोस्ट, मग अ‍ॅप्लिकेशनचं नाव, आणि आत ‘सेशन्स डॉट सेर’. टॉमकॅट ९ मध्ये ही सोय आपोआप चालू असते. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये मुद्दाम चालू करावी लागते. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या पोटात जो टॉमकॅट असतो, त्यात तर ती सांगितल्याशिवाय बंदच. तुम्ही कोणत्या आवृत्तीबद्दल बोलताय? प्रतिक्रियेत कुठेच नाही. दुसऱ्याला मॅन्युअल वाचायला लावणाऱ्यानं निदान कुठलं मॅन्युअल तेवढं तरी सांगावं.

बरं, ९ च धरू. फाइल लिहिली जाते ती टॉमकॅट रीतसर बंद केला तर. रात्री दीड वाजता सर्व्हर अडकून बसला, फोनवर फोन येतायत, अशा वेळी रीतसर कोण बंद करतं हो? किल मायनस नाइन, म्हणजे प्रोसेस जागच्या जागी मारणारी कमांड. त्यात प्रोसेसला आवराआवर करायची संधीच मिळत नाही, मग फाइल कोण लिहिणार? मेमरी संपली म्हणून लिनक्सनंच प्रोसेस उडवली तरी तेच. डॉकरमध्ये (अ‍ॅप्लिकेशन कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) ‘स्टॉप’ म्हटलं की आधी सिगटर्म, म्हणजे ‘आवरून बंद हो’ असा इशारा, जातो आणि १० सेकंदांत प्रोसेस थांबली नाही तर सिगकिल, म्हणजे तेच किल मायनस नाइन. कंटेनरच्या सुरुवातीच्या शेल स्क्रिप्टमध्ये ‘एक्झेक’ (स्क्रिप्टची जागा टॉमकॅटला देणारा शब्द) लिहायचं राहून गेलं असेल, तर सिगटर्म त्या स्क्रिप्टपाशीच अडकतो, टॉमकॅटला पत्ताही नसतो. आणि समजा सगळं सुरळीत होऊन फाइल लिहिली गेली, तरी नवा कंटेनर आला की वर्क फोल्डरही नवं कोरं. वाचणार काय?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी उमेदवारी रात्रपाळीच्या सपोर्टमध्ये गेली आहे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) विम्याच्या पोर्टलवर ‘सेशन डिस्कवर जातं’ या भरवशावर भर दुपारी ठरवून रीस्टार्ट केला गेला. अगदी रीतसर, तुम्हाला आवडेल असा. लॉगिनची माहिती आम्हीच सेशनमध्ये ठेवत होतो, ती शाबूत परत आली. वर कोपऱ्यात ग्राहकाचं नावही दिसत होतं. पण त्यानं भरत आणलेला प्रस्ताव गायब! त्या प्रस्तावाच्या क्लासवर ‘इम्प्लिमेंट्स सिरियलायझेबल’ (हे फाइलमध्ये लिहिता येतं, अशी खूण) लिहायचं राहिलं होतं. सेशनमधलं असं अ‍ॅट्रिब्यूट (ठेवलेली वस्तू) टॉमकॅट लिहितानाच गुपचूप वगळतो आणि बाकीचं सेशन जपून ठेवतो. लोक लॉगआउट झाले असते तर परवडलं असतं, निदान काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलं असतं. त्या दिवशी ज्यांनी फोन घेतले त्यांत मी होतो. तुम्ही होता का?

आणि मॅन्युअलचाच एवढा आग्रह असेल तर हे घ्या. मॅनेजरच्या, म्हणजे टॉमकॅटमध्ये सेशन्स सांभाळणाऱ्या भागाच्या, पानावर ‘पर्सिस्ट-ऑथेंटिकेशन’ (लॉगिनही जपायचं का) नावाचं सेटिंगचं एक अ‍ॅट्रिब्यूट आहे. ते आपण दिलं नाही तर ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, धरलं जातं. म्हणजे फॉर्मवरचं लॉगिन टॉमकॅटवरच सोपवलेलं असेल, तर तुमच्या त्या आदर्श रीस्टार्टनंतर सेशन परत येतं, पण माणूस लॉगिन केलेला राहत नाही. त्याला पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. माझं वाक्य काय होतं, पुन्हा एकदा वाचता का?

नवशिक्याला मी ‘मेमरीत असतं, गेलं की गेलं’ असंच शिकवणार. त्या फाइलवर विसंबून डिझाइन करणारे लोक मी पाहिले आहेत. ज्याला सेशन खरंच टिकवायचं आहे त्यानं डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या वेगळ्या साठ्यात ठेवावं, नाहीतर क्लस्टरमध्ये (एकत्र चालणारे अनेक सर्व्हर) दुसऱ्या नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, प्रत ठेवावी.

तुमचे उरलेले मुद्दे. ‘आता सगळे जेडब्ल्यूटी (सर्व्हरनं सही करून वापरणाऱ्याकडे दिलेलं टोकन) वापरतात’: सगळे म्हणजे कोण? दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं. ते मध्येच रद्द करायचं म्हटलं की सर्व्हरवर यादी ठेवणं आलंच, म्हणजे फिरून तिथेच. सेशन फिक्सेशनचा (आधीच ठरवलेला सेशन-आयडी दुसऱ्याच्या गळ्यात मारून त्याचं लॉगिन वापरायचा हल्ला) उल्लेख नाही, कारण तो लेखाचा विषय नव्हता. त्यावर आयडी बदलून देणारी ‘चेंज-सेशन-आयडी’ ही मेथड सर्व्लेट (जावाचं वेब मानक) ३.१ पासून आहे, हे मलाही ठाऊक आहे. आणि ‘असले विषय मराठीत लिहून कुणाचं भलं होतं?’ याला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. तुम्ही ते मराठीतच विचारलंय.

मूळ लेखातलं वाक्य मी बदललेलं नाही, बदलणारही नाही. खाली फाइलबद्दल एक तळटीप मात्र जोडली आहे. ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ एवढंच लिहिता आलं, कारण नाव तुम्ही दिलेलं नाही. दिलंत तर तेही घालेन.