खुलासा: नोत्र दामचं दर्शन फुकटच आहे

युरोप टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये आता ५ युरो तिकीट लागतं आणि ऑनलाइन बुकिंगशिवाय आत सोडत नाहीत. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

५ युरोंचा आकडा हवेतून आलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्री राशिदा दाती यांनी तसा प्रस्ताव मांडला होता. पैसा देशभरातल्या मोडकळीला आलेल्या चर्चेसच्या डागडुजीसाठी वापरायचा होता, म्हणजे हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण पॅरिसच्या धर्मप्रांताने (तिथल्या कॅथलिक चर्चच्या प्रशासनाने) नकार दिला. शिवाय चर्च आणि सरकार यांना वेगळं करणारा १९०५ चा कायदाच आडवा येतो: इमारत सरकारी मालकीची असली तरी अशा प्रार्थनास्थळांच्या दर्शनाला शुल्क लावता येत नाही. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल उघडलं, तेही विनातिकीट.

ऑनलाइन बुकिंग आहे, पण ऐच्छिक आणि मोफत. त्याने रांगेतला वेळ वाचतो, इतकंच. त्यामुळे कुणी एजंट ‘एंट्री फी’ लावत असेल तर सरळ हिशेब मागा.

पैसे पडतात ते मनोऱ्यांवर चढायला आणि खजिन्याचं दालन पाहायला. मनोऱ्यांना चारशेहून जास्त पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी ते तिकीट काढूच नये.