शब्दांना ७ टक्के? मग पुराची पातळी कोणत्या हावभावाने सांगायची?

शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट प्रेझेंटेशन जवळ आली की सांगली-कराडकडच्या ग्रुपांवर ‘प्रभावी प्रेझेंटेशनची सूत्रं’ नावाचा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो भाचीपर्यंत पोहोचला आणि ग्राफ अर्धवट टाकून तिने आरशासमोर हातवारे बसवायला घेतले. म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: संवादात शब्दांना ७ टक्के, आवाजाला ३८ टक्के आणि देहबोलीला ५५ टक्के महत्त्व असतं, १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटचा फॉन्ट ठेवा, भाषण तोंडपाठ करा, आणि उत्तर येत नसलं तरी ‘माहीत नाही’ म्हणू नका, आत्मविश्वासाने काहीतरी सांगून मोकळे व्हा.

आधी ते टक्के. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. एका प्रयोगात ‘मेबी’ हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. दुसऱ्यातही सुटे शब्दच होते. ऐकणाऱ्यांनी ओळखायचं होतं इतकंच, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. त्यात ना भाषण होतं, ना ग्राफ, ना आकडे. मेहराबियन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बोलणारा आपल्या भावना किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल, तर ही समीकरणं लागूच होत नाहीत. ज्याच्या नावावर मेसेज फिरतोय तोच नाही म्हणतोय, मग आणखी काय पुरावा हवा?

आणि सांगलीकराला तरी हे सांगायची गरज पडू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. पावसाळ्यात ‘आयर्विन ४१ फूट’ एवढा मजकूर मोबाइलवर येतो. त्याला ना चेहरा असतो, ना आवाज. तरी तो वाचून माणसं धान्याची पोती वरच्या मजल्यावर चढवतात. इथे सगळं काम त्या आकड्याने केलं. तुमच्या प्रोजेक्टमधलं प्रत्येक माप असंच असतं.

आवाजाचं थोडं मान्य करावं लागेल. पडद्याकडे तोंड करून पुटपुटलात तर शेवटच्या बाकापर्यंत काहीच पोहोचणार नाही. वर्गाकडे तोंड ठेवा, वाक्य संपलं की श्वास घ्या. आवाजाचं काम शब्द पोहोचवायचं, त्याहून जास्त नाही.

आता सगळ्यात घातक मुद्दा: ‘उत्तर येत नसलं तरी काहीतरी सांगा.’

आपल्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी नदीची पातळी मोजणारं यंत्र करतंच. बहुतेकांकडे एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. तो आवाज सोडतो, पाण्यावरून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. कोडमध्ये ०.०३४ हा आकडा असतो (मायक्रोसेकंदाला सेंटिमीटर), म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरलेला. आता एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतात, “तापमान बदललं तर?” मेसेजवर विश्वास ठेवणारा छाती काढून म्हणतो, “काही फरक पडत नाही, सर.”

पडतो! ३४० हा वेग साधारण १५ अंशांचा. दुपारचे ३८ अंश धरले तर वेग ३५४ च्या आसपास जातो. पाणी सेन्सरखाली खरोखर ३ मीटरवर असेल, तर यंत्र २ मीटर ८८ सेंटिमीटर दाखवणार. पाणी आहे त्यापेक्षा १२ सेंटिमीटर वर दिसणार. पुढचा प्रश्न ठरलेला: “किती अंशांपर्यंत तपासलंत?” इथे थाप उघडी पडते, आणि त्यानंतर तुमची बरोबर रीडिंगसुद्धा संशयाने पाहिली जातात.

त्याऐवजी असं म्हणा: “तापमानाचा परिणाम आम्ही मोजलेला नाही. कोडमध्ये वेग ३४० धरलाय. ३८ अंशांना ३ मीटरवर साधारण १२ सेंटिमीटरची चूक येईल असा हिशोब निघतो. शेजारी तापमानाचा सेन्सर लावून ती दुरुस्त करता येईल.” हिशोबही येत नसेल तर कसं तपासाल ते सांगा: टेपने मोजलेल्या एकाच अंतरावर, सकाळी आणि दुपारी, दहा-दहा रीडिंग. ज्याला आपण काय मोजलं आणि काय नाही हे सांगता येतं, त्याला काम कळलंय हे परीक्षकाला लगेच दिसतं. या सेन्सरचा पल्ला ४ मीटर, म्हणजे जेमतेम १३ फूट. तेही कुणी विचारायच्या आधी स्लाइडवर लिहा. पुराच्या यंत्राबद्दल ठोकून दिलेल्या उत्तरावर उद्या एखादी वाडी झोपायची की नाही ते ठरवेल.

अशा प्रश्नांसाठी शेवटच्या स्लाइडनंतर चार-पाच जादा स्लाइड ठेवा: सर्किट, सगळी रीडिंग, चूक किती येते त्याचा हिशोब. त्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, सगळ्या स्लाइड उलटत बसावं लागत नाही.

१०-२०-३० चा नियम गाय कावासाकी यांचा, तोही गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला जाणाऱ्यांसाठी. १० मिनिटांच्या ओरलला तो कसा लावणार? एका ग्राफलाच दोन मिनिटं लागतात: आधी आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, एकक कोणतं, मग रेघ. क्युसेक आणि टीएमसी यांची गल्लत इथेच होते; क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते, टीएमसी म्हणजे अब्ज घनफुटांत मोजलेला साठा. १ लाख क्युसेक दिवसभर वाहिले तर ८.६४ टीएमसी होतात. मोठ्या फॉन्टचं म्हणणं मात्र बरोबर आहे. वर्ग ३० फूट लांब आणि पडदा ४ फूट उंच असेल, तर १४ इंची लॅपटॉपपासून साधारण साडेचार फुटांवर उभं राहून वाचा. अक्षावरचे आकडे दिसले नाहीत तर मागच्या बाकालाही दिसणार नाहीत.

तोंडपाठ करू नका. मध्येच प्रश्न आला की धागा तुटतो आणि पुढचं वाक्य सापडत नाही. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं, एवढी पक्की करा. बाकी प्रत्येक स्लाइडला एक वाक्य ठरवा आणि तेच तिचं शीर्षक ठेवा. ‘निष्कर्ष’ लिहिण्यापेक्षा ‘३ मीटरपर्यंत चूक २ सेंटिमीटरच्या आत’ असं लिहा. अर्थात खरोखर तेवढी आली असेल तरच.

फाइलची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. कॉलेजच्या पीसीवर मराठी फॉन्ट नसला की अक्षरांचे चौकोन होतात. आणि प्रश्न चालू असताना पडद्यावर ‘धन्यवाद’ ठेवू नका, मुख्य ग्राफ ठेवा. परीक्षक बोट दाखवून त्यातलंच विचारतील, आणि त्याची तयारी तुम्ही केलेली असेल.