चेकबुक कुणाच्या हातात

1 नोव्हेंबर जवळ आला की माझ्या फोनवर बेळगावचे मेसेज वाढतात. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची काळ्या दिनाची फेरी, दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडची सक्ती, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून चाललेला सीमाप्रश्नाचा दावा, आणि फिरून फिरून एकच वाक्य : ‘आपल्याकडं नेतृत्वच उरलं नाही.’ 2018 आणि 2023 या कर्नाटकाच्या दोन्ही विधानसभांना, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, त्यामुळं या वाक्याला आता कुणी हरकतही घेत नाही. सरकारी कागद मराठीत मिळावा, दुकानावर आपली भाषा दिसावी, ही मागणी मला आजही न्यायाची वाटते. नेतृत्व उरलं नाही हे रडगाणं मात्र पटत नाही. ते घडवायचं कुणी, हे आपण कधी विचारलंच नाही.

उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांना लागणारे पार्ट टर्निंग-ग्राइंडिंग करून द्यायचे. लेथवर येळ्ळूर-मच्छेची मराठी पोरं, मिस्त्री बैलहोंगलकडचे कन्नड. आप्पांची, म्हणजे वडिलांची, बायपास झाली तेव्हा त्यांनी पगाराचं काम माझ्याकडं दिलं, चेकबुकासकट. घरात चुलते होते, तरीही.

एका मोठ्या गिऱ्हाइकानं त्या वेळी पैसे अडकवले होते. छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं असं 2006 चा कायदा सांगतो. पण कायद्यावर बोट ठेवलं की पुढची ऑर्डर जाते, हे उद्यमबागेत पोराटोरांनाही ठाऊक. शनिवार आला आणि ड्रॉवरमध्ये सगळ्यांचा पगार होईल एवढी रक्कम नव्हती. आप्पा केबिनमध्येच बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांनी पेपर उघडला.

संध्याकाळी लेथ बंद झाले. पोरं कॉटन वेस्टनं हात पुसत आली. मी वही टेबलावर उघडी ठेवली. येणं किती, हातात किती, सगळं सांगितलं. हेल्परांना पूर्ण, टर्नरांना निम्मा, उरलेला बुधवारी. कुणी काही बोलेना. मग मिस्त्रींनी आपलं पगाराचं पाकीट माझ्याकडं परत सरकवलं. “अक्का, माझं राहू दे. त्या दोघा टर्नरांचं पूर्ण करा, खोलीचं भाडं द्यायचंय त्यांना.” बुधवारी सगळ्यांचे पैसे दिले, आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून. रात्री जेवताना आप्पा एवढंच म्हणाले, “वही उघडी ठेवलीस ते बरं केलंस.”

रविवार पेठेतल्या दोस्ताला एक फोन केला असता तर आप्पांनी तासाभरात ती रक्कम उभी केली असती. त्यांनी फोन केला नाही. तो न केलेला फोन मला आज त्यांच्या सगळ्या कर्तबगारीपेक्षा मोठा वाटतो.

इथं जर्मनीत श्टुटगार्टजवळ मी आता काम करते तो कारखानाही घरचाच, तिसऱ्या पिढीचा. जर्मनीत कारागिरीच्या धंद्यात ‘माइस्टर’ व्हायची परीक्षा चार भागांची असते : हातचं काम, त्यामागचं शास्त्र, धंद्याचा हिशेब नि कायदा, आणि चौथा, शिकाऊ पोरांना शिकवता येतं की नाही. हात कितीही तयार असू दे, चौथ्या भागात अडकला तर तो माइस्टर होत नाही. हे मला फार पटलं. इथं सगळं गोड आहे असं मुळीच नाही. वारस मिळेना म्हणून चालते कारखाने विकले जातात, आणि कामगारांना आपली समिती निवडायचा हक्क असला तरी छोट्या ठिकाणी तो क्वचितच कुणी वापरतो. पण मागचा माणूस तयार करणं हे मालकाचं काम आहे, याबद्दल इथं दुमत नाही.

बेळगावला हे परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर बनवले. नगरपालिकेनं जागा सोडायला लावली आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण ही गोष्ट ‘हातचा माणूस घालवला’ म्हणून हळहळत सांगतो. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे या सहकाऱ्यांवर कामं टाकून लक्ष्मणरावांनी ती वाडी वाढवली, हा भाग गाळतो.

समितीत काय झालं? 2018 ला खानापुरात समितीचेच दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले. 2023 ला एकी झाली, तोवर माणसं दुसऱ्या पक्षांत रुळली होती. तरुण पोरं लागतात ती फेरीत घोषणा द्यायला आणि मांडव घालायला. वॉर्डातला एखादा प्रश्न, तहसीलदार कचेरीतला एखादा अर्ज, संपूर्ण त्यांच्यावर सोपवून ज्येष्ठांनी गप्प बसलेलं मी पाहिलेलं नाही. पोरगं चुकेल ही भीती समजते. पण पन्नाशीत पहिली जबाबदारी मिळालेला माणूसही चुकणारच, आणि त्याला सुधारायला वेळही कमी.

आमचं शॉप आता चुलतभाऊ बघतो. त्याची मुलगी डिप्लोमा करून दोन वर्षं तिथंच आहे, कोटेशन तीच काढते, गिऱ्हाइकाशी मराठी-कन्नड दोन्हीत तीच बोलते. बँकेत सही मात्र त्याची एकट्याची. गेल्या आठवड्यात मी त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं : दिवाळीच्या आत सहीचा अधिकार तिला दे, आणि पहिला पगार ती वाटेल तेव्हा तू केबिनमध्ये बस, पण बोलू नकोस.